पाण्याचे रेणू आणि मनाचा आजार

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्युनिकच्या मनोरुग्णालयात दोन आजारांचा शोध एकाच छताखाली चालला होता. एमिल क्रेपलिन तिथले प्रमुख होते आणि प्रयोगशाळा सांभाळत होते अलॉइस अल्झायमर. दगावलेल्या रुग्णाचा मेंदू काढायचा, त्याचे पातळ काप करायचे, त्यांना रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास न्याहाळायचे, हे तिथलं रोजचं काम. स्मरणशक्ती गमावलेल्या एका स्त्रीच्या मेंदूत अल्झायमर यांना पेशींबाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत पीळ पडलेले धागे दिसले. १९०६ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. आज तो आजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

दुसऱ्या आजाराला क्रेपलिन ‘डिमेन्शिया प्रीकॉक्स’ म्हणत. ऐन विशीतला, चांगला शिकणारा मुलगा एकाएकी माणसांतून उठतो. त्याला कोणी नसताना आवाज ऐकू येतात, शेजारी आपल्याविरुद्ध कट करताहेत असं वाटतं, बोलणं सुटं सुटं होत जातं. १९०८ मध्ये झुरिकच्या ऑयगेन ब्लॉयलर यांनी या आजाराला स्किझोफ्रेनिया हे नाव दिलं. या रुग्णांच्या मेंदूचेही काप झाले, त्यांनाही रंग दिले गेले. पण सगळ्या तज्ज्ञांना मान्य होईल अशी एकही ठळक खूण हाती लागली नाही. पुढची कित्येक दशकं लागली नाही. मग हळूहळू एक समज पसरत गेला, की या आजारात मेंदूला काही होतच नाही, दोष असेल तर तो संगोपनाचा. त्यातून अनेक आयांना आपल्याच मुलाच्या आजाराचा गुन्हेगार ठरवलं गेलं. शास्त्राच्या इतिहासातली ही मला फार क्रूर वाटणारी चूक आहे.

खरं तर त्याच काळात एका माणसाने वेगळी दिशा दाखवली होती. ब्रेस्लाऊचे कार्ल वेर्निके. त्यांचं नाव आपण भाषेच्या केंद्रासाठी ऐकतो, पण मनोविकारांबद्दलही त्यांनी एक धाडसी तर्क मांडला होता. मेंदूचे निरनिराळे भाग स्वतः शाबूत असतील, मात्र त्यांना जोडणाऱ्या तंतूंमध्ये बिघाड असेल, तर विचार, भावना आणि संवेदना यांची एकमेकांपासून फारकत होऊ शकते, असं त्यांचं म्हणणं. १९०५ मध्ये सायकलच्या अपघातात वेर्निके गेले आणि हा तर्क जवळजवळ विस्मृतीत गेला. तो तपासायचं साधनच तेव्हा नव्हतं.

ते साधन यायला नव्वद वर्षं लागली. ते कसं आलं आणि त्याने नेमकं काय सांगितलं, हे या प्रकरणात पाहायचं आहे. त्याने काय सांगितलेलं नाही, हेही तितक्याच नेटाने पाहायचं आहे, कारण या विषयावर जेवढं लिहिलं जातं त्यातला बराचसा घोटाळा तिथेच होतो.

मेंदू मधोमध कापला तर दोन रंग दिसतात. बाहेरच्या घड्यांच्या कडेने करडा पट्टा आणि आत पांढरा भाग. करड्या भागात चेतापेशींची शरीरं असतात. पांढऱ्या भागात असतात त्या पेशींपासून निघालेले लांबच लांब अक्षतंतू. त्यांच्याभोवती मायलिन नावाच्या स्निग्ध द्रव्याची गुंडाळी असते आणि तिच्यामुळेच हा भाग पांढरा दिसतो. म्हणून याला श्वेतद्रव्य म्हणतात. मायलिनमुळे तंतूतून जाणारा विजेचा संदेश अनेक पटींनी वेगाने धावतो. एका तंतूची जाडी साधारण एक मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पण संख्या इतकी, की डॅनिश संशोधकांनी २००३ मध्ये हिशेब केला तेव्हा विशीतल्या पुरुषाच्या मेंदूतल्या मायलिनयुक्त तंतूंची एकूण लांबी सुमारे १,७६,००० किलोमीटर आणि स्त्रीच्या मेंदूत सुमारे १,४९,००० किलोमीटर भरली. पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटर आहे. डावा आणि उजवा मेंदू जोडणाऱ्या एकट्या कॉर्पस कॅलोसममध्येच सुमारे २० कोटी तंतू असतात.

हे तंतू कुठून कुठे जातात, हे शोधायचा मार्ग बराच काळ मृत मेंदूतूनच जात होता. स्वित्झर्लंडमधल्या बाझलचे योझेफ क्लिंगलर १९३०च्या दशकात मेंदू औषधात मुरवून गोठवत. बर्फाच्या कणांनी तंतू एकमेकांपासून थोडे विलग होत, मग ते लाकडी पट्ट्यांनी एकेक जुडगा सोडवत बसत. त्यांची ती विच्छेदनं आजही शरीररचनेच्या अभ्यासकांना थक्क करतात. पण जिवंत माणसाच्या, त्यातही नुकत्याच आजारी पडलेल्या तरुणाच्या मेंदूत हे कसं पाहणार? साध्या एमआरआयमध्ये श्वेतद्रव्य म्हणजे एकसारखा पांढरा भाग. आत तंतू आडवे आहेत की उभे, दाट आहेत की विरळ, काही कळत नाही.

उत्तर मिळालं ते पाण्यातून.

१८२७ मध्ये रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने पाण्यात तरंगणारे परागातले सूक्ष्म कण सतत थरथरताना पाहिले. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने त्यामागचं गणित उलगडलं: पाण्याचे रेणू उष्णतेमुळे सतत इकडेतिकडे धडकत असतात, आणि एखादा रेणू ठरावीक वेळात सरासरी किती दूर भरकटेल हे सांगता येतं. या भरकटण्यालाच विसरण म्हणतात. आपल्या मेंदूतलं पाणीही असंच थरथरत असतं. सेकंदाच्या विसाव्या भागात तिथला रेणू सरासरी सुमारे दहा मायक्रोमीटर सरकतो. केसाच्या जाडीपेक्षाही हे अंतर कितीतरी कमी, पण तंतूच्या जाडीपेक्षा जास्त. म्हणजे तेवढ्या वेळात त्या रेणूची गाठ तंतूंच्या भिंतींशी पडतेच. सगळी गंमत या योगायोगात आहे.

उसाच्या मोळीत शिरलेली मुंगी डोळ्यांसमोर आणा. उसाच्या लांबीने ती सरळ निघून जाईल, पण आडवं जायचं तर पदोपदी अडथळा. मोळी डोळ्यांना दिसत नसली, तरी असंख्य मुंग्या कोणत्या दिशेने दूर गेल्या आणि कोणत्या दिशेने अडल्या एवढं कळलं, तर ऊस कोणत्या दिशेने रचलाय ते सांगता येईल. श्वेतद्रव्यात नेमकं हेच घडतं. तंतूंच्या दिशेने पाणी मोकळेपणाने सरकतं, त्यांना आडवं मात्र अडत अडत.

पाण्याच्या रेणूंची ही चाल मोजायची कशी? एर्विन हान यांनी १९५० मध्येच लक्षात आणून दिलं होतं, की रेणू भरकटले तर चुंबकीय अनुनादाचा संकेत क्षीण होतो. १९६५ मध्ये स्टेयस्काल आणि टॅनर यांनी त्याचं नेटकं तंत्र बनवलं. एमआरआय यंत्रात प्रचंड चुंबक असतो, साधारण दीड किंवा तीन टेस्लाचा, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या कित्येक हजार पट ताकदीचा. त्यात एका ठरावीक दिशेने चढत जाणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचा छोटा ठोका दिला, की प्रत्येक रेणूवर तो त्या क्षणी कुठे आहे याची अदृश्य खूण उमटते. काही मिलिसेकंदांनी तसाच दुसरा ठोका ती खूण पुसतो. रेणू जागचा हलला नसेल तर खूण पूर्ण पुसली जाते. सरकला असेल तर थोडी शिल्लक राहते आणि संकेत मंदावतो. संकेत जितका मंद, तितकं त्या दिशेने सरकणं जास्त. मग दिशा बदलून पुन्हा मोजायचं, पुन्हा बदलून पुन्हा.

फ्रान्सच्या दनी ल बिआँ यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यावर या तंत्राने मेंदूच्या पहिल्या प्रतिमा घेतल्या. १९९० मध्ये मायकेल मोझली यांच्या गटाने मांजरीच्या मेंदूवर दाखवून दिलं, की पक्षाघातात रक्तपुरवठा तुटल्यावर तासाभराच्या आतच त्या भागातलं पाणी अडखळू लागतं आणि ते या प्रतिमेत लख्ख दिसतं. आज कोणत्याही चांगल्या इस्पितळात पक्षाघाताच्या रुग्णाचा एमआरआय होतो, तेव्हा हेच तंत्र वापरलं जातं. १९९४ मध्ये पीटर बॅसर, जेम्स मॅटिएलो आणि ल बिआँ यांनी पुढचा टप्पा गाठला. किमान सहा दिशांनी मोजमाप घेतलं, की मेंदूच्या प्रत्येक ठिकाणी पाण्याच्या विसरणाचा लंबगोल आकार गणिताने मांडता येतो. हेच डिफ्युजन टेन्सर इमेजिंग, थोडक्यात डीटीआय. आता सहाऐवजी तीस, साठ किंवा त्याहून जास्त दिशा घेतात.

या लंबगोलातून एक आकडा काढतात. त्याला एफए म्हणतात. तो शून्य ते एक यांच्या दरम्यान असतो. पाणी सगळीकडे सारखंच सरकत असेल, जसं मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळ्यांमध्ये, तर एफए शून्याजवळ. एकाच दिशेने सरकत असेल तर एकाकडे झुकलेला. कॉर्पस कॅलोसमसारख्या दाट, समांतर तंतूंच्या भागात तो सर्वांत जास्त भरतो. दिशा दाखवायला रंगही ठरलेले आहेत: डावीकडून उजवीकडे जाणारे तंतू लाल, पुढून मागे जाणारे हिरवे, वरखाली जाणारे निळे. वर्तमानपत्रांत आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर मेंदूची जी इंद्रधनुषी चित्रं दिसतात, ती यातूनच तयार होतात. चित्रं देखणी आहेत यात शंका नाही. फक्त त्यात दिसणाऱ्या रेषा हे तंतूंचे फोटो नाहीत, पाण्याच्या चालीवरून संगणकाने काढलेलं ते अनुमान आहे, एवढं वाचकाने मनात पक्कं धरावं. हा मुद्दा पुढे फार कामाला येणार आहे.

तंत्र तयार होत होतं त्याच सुमारास वेर्निकेंचा तर्क परतला. १९९५ मध्ये लंडनच्या कार्ल फ्रिस्टन आणि ख्रिस फ्रिथ यांनी स्किझोफ्रेनिया हा मेंदूच्या भागांमधला संवाद बिघडण्याचा आजार असावा, असं मांडलं. कपाळामागचा भाग आणि कानाजवळचा भाग यांच्यातल्या देवाणघेवाणीवर त्यांचा विशेष भर होता. तीनच वर्षांनी, १९९८ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये माँटी बुक्सबाउम यांच्या गटाने स्किझोफ्रेनियाच्या मूठभर रुग्णांवर हे विसरणाचं तंत्र पहिल्यांदा वापरलं. १९९९ मध्ये केल्विन लिम आणि सहकाऱ्यांनी दहा रुग्ण आणि दहा निरोगी पुरुष यांची तुलना केली. त्यांचा निष्कर्ष मला आजही विलक्षण वाटतो. रुग्णांमध्ये श्वेतद्रव्याचं आकारमान कमी झालेलं नव्हतं, पण त्यातला एफए मात्र दोन्ही बाजूंना कमी होता. म्हणजे साध्या एमआरआयने ज्या भागाला निरोगी म्हटलं असतं, तिथे पाण्याची चाल काही वेगळं सांगत होती.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत अशा अभ्यासांचा पूर आला. हार्वर्डच्या मारेक कुबिकी आणि मार्था शेंटन यांच्या गटाने कपाळामागचा भाग कानाजवळच्या भागाशी जोडणारा अन्सिनेट फॅसिक्युलस आणि भावना-लक्ष यांच्याशी संबंधित सिंग्युलम या जुडग्यांवर बारकाईने काम केलं. पण एकाला एका जागी फरक दिसे, दुसऱ्याला दुसऱ्याच. वीस-तीस रुग्णांचे अभ्यास, यंत्रं वेगळी, गणित करण्याच्या पद्धती वेगळ्या. कोणावर विश्वास ठेवायचा?

या प्रश्नाचं उत्तर एकट्या-दुकट्या प्रयोगशाळेला देता येणारच नव्हतं. एनिग्मा नावाच्या आंतरराष्ट्रीय संघाने वेगवेगळ्या देशांतल्या २९ अभ्यासांची मोजमापं एकाच पद्धतीने तपासली आणि २०१८ मध्ये निकाल जाहीर केला. १,९६३ रुग्ण आणि २,३५९ निरोगी माणसं. श्वेतद्रव्याच्या तपासलेल्या २५ भागांपैकी २० भागांत रुग्णांचा एफए सरासरीने कमी होता. कपाळामागे पंख्यासारखा पसरणारा कोरोना रेडिएटाचा पुढचा भाग आणि कॉर्पस कॅलोसम यांत फरक सर्वांत जास्त होता. औषधाच्या मात्रेशी किंवा आजार कोणत्या वयात सुरू झाला याच्याशी या घटीचा संबंध आढळला नाही. थोडक्यात, बिघाड कुठल्या एका ठिकाणी नव्हता, तो थोडा थोडा सगळीकडे होता.

‘थोडा’ म्हणजे किती? इथे जरा थांबून आकडेमोड करायला हवी. संपूर्ण श्वेतद्रव्याचा सरासरी एफए धरला, तर दोन गटांतल्या फरकाचं माप आलं ०.४२. संख्याशास्त्राच्या भाषेत याचा अर्थ असा, की रुग्णांचे आणि निरोगी माणसांचे आकडे दोन आलेखांवर मांडले, तर ते आलेख सुमारे ८३ टक्के एकमेकांवर पडतात. आणखी सोपं करू. डोळे मिटून एक रुग्ण आणि एक निरोगी माणूस निवडला आणि ज्याचा एफए कमी तो रुग्ण असं म्हटलं, तर शंभरात साधारण ६२ वेळा बरोबर ठरेल. नाणं उडवून सांगितलं असतं तरी पन्नास वेळा बरोबर ठरलंच असतं. पक्षाघातात पाण्याचा वेग इतका ठळकपणे घटतो, की एका माणसाच्या एका प्रतिमेवरून डॉक्टर निदान करतात आणि मिनिटांत उपचार सुरू होतात. स्किझोफ्रेनियातला फरक काही टक्क्यांचा आहे आणि तो हजारो माणसांची सरासरी काढल्यावर दिसतो. दोन्हीकडे तंत्र एकच, पण एकीकडे ते निदान करतं आणि दुसरीकडे फक्त संशोधनाला दिशा देतं. या दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये.

आता दुसरा, जास्त अवघड प्रश्न. एफए कमी म्हणजे नक्की काय झालेलं असतं? ‘तंतू तुटले’ असं सर्रास लिहिलं जातं. हे चूक आहे. मायलिन पातळ असेल तरी एफए कमी होतो. तंतू विरळ असतील तरी होतो. तंतूंच्या मधल्या जागेत पाणी जास्त साचलं तरी होतो. आणि काहीही बिघडलेलं नसताना, केवळ दोन दिशांचे तंतू एका जागी एकमेकांना छेदत असतील तरीही होतो. उसाची एक मोळी दुसरीवर आडवी टाकली, तर मुंगी दोन्हीकडे जाऊ लागेल आणि दिशेचा अंदाज पुसट होईल. दोन मिलिमीटर बाजूच्या एका घनात लाखो तंतू मावतात. एका तपशीलवार अभ्यासात श्वेतद्रव्यातल्या ६३ ते ९० टक्के घनांमध्ये असे एकमेकांना छेदणारे तंतू आढळले. तंतूंचे मार्ग रेखाटणाऱ्या वीस संशोधक गटांच्या संगणकी पद्धतींची परीक्षा घेतली गेली, तिचे निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. खरे मार्ग आधीच ठाऊक असलेला बनावट मेंदू प्रत्येकाला दिला. बहुतेकांनी खरे जुडगे शोधले, पण त्यांच्याहून अधिक, अस्तित्वातच नसलेले जुडगेही काढून दाखवले. कार्डिफचे डेरेक जोन्स आणि त्यांचे सहकारी तर २०१३ पासून बजावत आले आहेत, की एफएला श्वेतद्रव्याच्या प्रकृतीचं थेट माप समजू नका.

त्यात भर डोकं हलण्याची. तपासणीला पंधरा-वीस मिनिटं निश्चल पडून राहावं लागतं, भोवती ठोकल्यासारखा कर्कश आवाज. ज्याला आधीच आवाज ऐकू येतात आणि आपल्यावर पाळत आहे असं वाटतं, त्या माणसाला त्या बोगद्यात शांत राहणं किती कठीण जात असेल! रुग्ण निरोगी माणसापेक्षा थोडा जास्त हलतो, आणि तेवढ्या हालचालीनेही आजाराशी संबंध नसलेला खोटा फरक उमटू शकतो, हे दाखवून झालं आहे. चांगले गट आता प्रत्येकाची हालचाल मोजतात आणि हिशेबात धरतात. या सगळ्या मर्यादा लक्षात घेऊनही २०१८चा निष्कर्ष मी मोलाचा मानतो.

कारणाच्या शोधात सर्वांत पुढे आहे मायलिन. २००१ मध्ये मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंच्या ऊतींत मायलिन घडवणाऱ्या अनेक जनुकांचं काम मंदावलेलं आढळलं. दुसरा धागा एका दुर्मीळ आजाराचा आहे. मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी या आनुवंशिक विकारात मायलिन नष्ट होत जातं. तो लहानपणी सुरू झाला तर चालणं-बोलणं बिघडतं. पण बारा ते तीस या वयात सुरू झाला, तर नोंदवलेल्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये भास आणि भ्रम दिसले, असं थॉमस हाइड आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवलं. बिघाड श्वेतद्रव्याचाच, पण कोणत्या वयात झाला यावर रूप ठरतं. आणि हे वय मोलाचं आहे. मायलिन चढण्याचं काम जन्माबरोबर संपत नाही. कपाळामागचा आणि कानाजवळचा भाग जोडणारे तंतू सर्वांत उशिरा, पंचविशीच्या पुढेपर्यंत पक्व होत राहतात. स्किझोफ्रेनिया सुरू होण्याचं नेहमीचं वय हेच. मुलांमध्ये बहुधा अठरा ते पंचवीस, मुलींमध्ये थोडं उशिरा. या जुळणीतून कार्यकारण सिद्ध होत नाही, पण शोध कुठे घ्यायचा हे ती सांगते.

ओफेर पास्टर्नाक यांनी आणखी एक दार उघडलं. पेशींच्या बाहेरच्या मोकळ्या जागेतलं पाणी आणि तंतूंना लगटून असलेलं पाणी गणिताने वेगळं करायची पद्धत त्यांनी बनवली. २०१२ मध्ये ती आजार नुकताच सुरू झालेल्या रुग्णांवर वापरली, तेव्हा बाहेरचं मोकळं पाणी मेंदूत व्यापक प्रमाणात वाढलेलं दिसलं. तंतूंमधला बदल मात्र मर्यादित होता आणि तो मुख्यतः कपाळामागे होता. जुन्या रुग्णांमध्ये चित्र बरंचसं उलटं आलं. बाहेरचं पाणी वाढणं हे सूज किंवा दाह यांचं लक्षण असू शकतं. तसं असेल तर आजाराच्या सुरुवातीच्या काळात काही वेगळंच घडत असेल आणि तो काळ उपचारांसाठी फार महत्त्वाचा असेल. अजून हा तर्कच आहे. पण एका आकड्याने जे सांगता येत नव्हतं ते दोन आकड्यांनी थोडं उलगडतंय, आणि आता अनेक गट याच दिशेने जाताहेत.

सर्वांत बोलका अभ्यास मात्र मला २००४चा स्वित्झर्लंडमधला वाटतो. बर्नच्या डानिएला हुब्ल यांनी तीन गट घेतले: आवाज ऐकू येणारे तेरा रुग्ण, आवाज न ऐकू येणारे तेरा रुग्ण, तेरा निरोगी माणसं. बोलण्याचं केंद्र आणि ऐकण्याचं केंद्र जोडणाऱ्या आर्क्युएट फॅसिक्युलसच्या काही भागांत आवाज ऐकू येणाऱ्यांचा एफए इतर दोन्ही गटांपेक्षा जास्त निघाला. कमी नव्हे, जास्त. आपण मनातल्या मनात बोलतो तेव्हा बोलण्याचा भाग ऐकण्याच्या भागाला कळवतो, की हा आवाज आपलाच आहे. ही सूचना चुकली किंवा चुकीच्या वेळी पोचली, तर स्वतःचाच विचार परक्याचा आवाज वाटू शकतो. जोडणी गरजेपेक्षा घट्ट असेल तरी हा घोटाळा होऊ शकेल, असं हुब्ल यांचं म्हणणं. गट लहान होते, सगळ्यांना पुढे तसंच आढळलं असंही नाही. पण ‘तार तुटली’ या भाबड्या चित्राला या एका अभ्यासाने जो धक्का दिला, तो हवाच होता. आवाज ऐकणारा माणूस खोटं बोलत नाही, नाटक करत नाही. त्याच्या मेंदूतलं ऐकण्याचं केंद्र खरोखर काम करत असतं. घरच्यांनी एवढं जरी समजून घेतलं, तरी त्या घरातली निम्मी भांडणं मिटतील.

एवढं होऊनही हा बदल स्किझोफ्रेनियाचाच असतो, असंही म्हणता येत नाही. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी २,९३७ माणसांच्या मोजमापांवरून दाखवलं, की स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवी विकार आणि ऑटिझम या तिन्हींत श्वेतद्रव्यातले बदल बरेच सारखे असतात, तीव्र नैराश्यात मात्र ते फारसे दिसत नाहीत. तेव्हा निदानांच्या आजच्या चौकटी मेंदूतल्या घडामोडींशी तंतोतंत जुळतात, हे गृहीत धरायचं कारण नाही.

आणि श्वेतद्रव्य हे कायमचं कोरलेलं विधिलिखितही नाही. २००९ मध्ये ऑक्सफर्डला काही तरुणांना सहा आठवडे हवेत चेंडू झेलायचा सराव करायला लावला, तर हात-डोळ्यांच्या समन्वयाशी संबंधित भागातला एफए वाढला. नेदरलँड्समध्ये सहा महिने नियमित व्यायाम केलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांमध्येही आणि निरोगी माणसांमध्येही तशीच वाढ दिसली. व्यायामाने आजार बरा होतो असा याचा अर्थ कोणी काढू नये. आजारातही मेंदूची बदलण्याची क्षमता शाबूत असते, एवढाच अर्थ, आणि तो काही लहान नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ मधल्या अंदाजानुसार जगात सुमारे २ कोटी ४० लाख लोकांना स्किझोफ्रेनिया होता, म्हणजे दर तीनशेत एकाला. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये या आजारातल्या श्वेतद्रव्याचा अभ्यास होतो, त्यामुळे हे सगळं परक्या देशातलं राहिलेलं नाही. मराठीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४ च्या ‘देवराई’ या चित्रपटाने हा आजार घराघरांत बोलण्याचा विषय केला. तरी आजही अनेक कुटुंबं देवऋषी, अंगारे-धुपारे यांत वर्षं घालवतात. काही सुशिक्षित कुटुंबं दुसऱ्या टोकाला जातात: मेंदूचा स्कॅन नॉर्मल आला, म्हणजे मुलगा आळशी आहे.

म्हणून स्पष्ट सांगतो. आज कोणत्याही डिफ्युजन प्रतिमेवरून एका माणसाला स्किझोफ्रेनिया आहे की नाही हे ठरवता येत नाही, आणि कोणी तसा दावा करून पैसे मागत असेल तर देऊ नका. डॉक्टर एमआरआय सांगतात तो गाठ, दाह किंवा दुसरा आजार नाही ना हे पाहायला. तो जरूर करा, पण नॉर्मल अहवालाचा अर्थ ‘आजार नाही’ असा लावू नका. निदान होतं ते मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलून करतात तेव्हाच, आणि उपचार जितके लवकर सुरू होतील तितके बरं होण्याची शक्यता जास्त. घरातलं कोणी एकटं एकटं राहू लागलं असेल, नसलेले आवाज ऐकत असेल, सगळ्यांवर संशय घेत असेल, तर वाट पाहू नका. कुठे जायचं हे कळत नसेल, तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे.